मडक्यांच्या देशात नऊ दिवस

पहिला दिवस, लिमा

ऑगस्टमध्ये लिमात, पेरू देशाच्या राजधानीत, ऊन नसतं. समुद्रावरचं धुकं दिवसभर शहरावर बसून असतं आणि त्यातून अगदी बारीक भुरभुर पडत राहते. इथले लोक तिला गारुआ म्हणतात. मुंबईहून निघून, दोन विमानं बदलून आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. भाची म्हणाली, "आत्या, आज झोप काढू, उद्यापासून फिरू." ती पुण्यात स्पॅनिश शिकवते आणि तिच्याच भरवशावर मी हा प्रवास ठरवला होता. पण मला झोप येणं शक्य नव्हतं.

मी कुंभाराच्या घरात वाढले. कराडजवळच्या आमच्या गावात अण्णांचं चाक ओसरीवर होतं आणि घरामागं आवा. सातवीत असताना एका जुन्या मासिकात मी माणसाच्या चेहऱ्याचं एक मडकं पाहिलं. भुवया, नाक, ओठ अगदी जिवंत, आणि डोक्यावर कमानीसारखी वळलेली पोकळ नळी. अण्णांना दाखवलं. ते हातातली माती न पुसताच बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे चाकावरचं नाही गं." एवढंच. ते मडकं एकदा डोळ्यांनी पाहायचं हे तेव्हापासून मनात होतं. मधे पंचेचाळीस वर्षं गेली.

दुपारीच पुएब्लो लिब्रे भागातल्या लार्को संग्रहालयात गेलो. अठराव्या शतकातली पांढरी हवेली, भिंतींवरून ओसंडणारी बोगनवेल, आणि ही हवेली उभी आहे तो उंचवटा म्हणजे सातव्या शतकातला पिरॅमिड. राफाएल लार्को ओयले यांनी १९२६ साली उत्तरेकडच्या चिकामा खोऱ्यात, आपल्या घराण्याच्या उसाच्या मळ्यावर हे संग्रहालय सुरू केलं. लिमाला ते १९५०च्या दशकात आलं.

मांडणीची दालनं बाजूला ठेवून आम्ही आधी कोठारात शिरलो. संग्रहालयाचं कोठार सहसा कुलपात असतं, इथं ते सगळ्यांना खुलं आहे. जमिनीपासून छतापर्यंत काचेची कपाटं आणि त्यांत हजारो भांडी, विषयांप्रमाणे लावलेली. एका फळीवर नुसती घुबडं. दुसरीवर मक्याची कणसं, बटाटे, भोपळे. समुद्रसिंह, बेडूक, खेकडे. पाठीवर ओझं घेतलेले हमाल, पोर मांडीवर घेतलेल्या बाया, एक डोळा गेलेली माणसं, ओठ झडलेली माणसं. पुढं गेलं की चेहरे. फळीमागून फळी चेहऱ्यांची, सगळे माझ्याकडे बघणारे.

मला त्यांच्याकडे लगेच बघवेना म्हणून मी सांधे पाहायला लागले. अण्णांचं बरोबर होतं. स्पॅनिश लोक यायच्या आधी या अख्ख्या खंडात कुंभाराचं चाक नव्हतं. आपल्याकडे जोर्वे, इनामगावची तोटीची भांडी तीन हजार वर्षांपूर्वी चाकावर निघत होती. इथं त्यातलं काही नाही, आणि तरी ही सफाई. हे चेहरे घडवणारे मोचे लोक, इथल्या उत्तर किनाऱ्यावरचे प्राचीन रहिवासी, दोन अर्ध्या साच्यांत माती दाबून भांडं काढत. चेहऱ्याच्या कानामागं नीट पाहिलं की दोन अर्धुकं जिथं जुळली ती रेघ सापडते. पुसून, घोटून टाकलेली, तरी एखाद्या ठिकाणी राहून गेलेली. कुणीतरी त्या जागी अंगठा फिरवला होता.

बाहेर पडता पडता एका फळीवर जोडभांडं दिसलं. दोन गडू पोटाशी नळीनं जोडलेले, एकाला तोटी, दुसऱ्यावर पक्षी बसलेला. भाचीनं पाटी वाचली, "बोतेया सिल्बादोरा. शिट्टी वाजवणारी बाटली, आत्या." आत पाणी घालून वाकवलं की पाणी एका गडूतून दुसऱ्यात जातं, तिथली हवा पक्ष्याच्या डोक्यातल्या शिट्टीतून बाहेर पडते आणि भांडं वाजतं. काचेआड ते कोरडं ठाक उभं होतं. ते वाजतं कसं, हे काही तिथं कळण्यासारखं नव्हतं.

दुसरा दिवस, लिमा

पुन्हा लार्को. आज चेहरे.

मोचे लोक पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या नदीखोऱ्यांत साधारण इसवी सन १०० ते ८०० या काळात राहत होते. त्यांना लिपी नव्हती. राजांची नावं नाहीत, शिलालेख नाहीत, पोथ्या नाहीत. पण त्यांच्या माणसांचे चेहरे आहेत, आणि ते देवाचे नाहीत, एकेका खऱ्या माणसाचे आहेत. अमेरिकन अभ्यासक क्रिस्टोफर डॉनन यांनी जगभरच्या संग्रहांतली अशी शेकडो चेहरा-भांडी शेजारी शेजारी ठेवून तपासली, तेव्हा त्यांना तीच ती माणसं पुन्हा पुन्हा भेटायला लागली. एकाच्या वरच्या ओठावर जखमेचा व्रण आहे. त्याची चाळीसहून अधिक भांडी ओळखली गेली आहेत. काहींत तो दहाएक वर्षांचा पोरगा आहे, काहींत तरुण, काहींत तिशी ओलांडलेला भारदस्त पुरुष. व्रण मात्र तोच. नाव कुणाला ठाऊक नाही, पण त्याचं वाढणं मातीत आहे.

माझ्या मासिकातलं मडकं हेच का, ते मी सांगू शकत नाही. पण एका चेहऱ्यासमोर मी थांबले. डोक्याला पक्ष्याच्या नक्षीचा रुमाल, गालांवर रंगाचे पट्टे, तोंडाच्या कडेला किंचित मुरड, समोरचा काही मूर्खासारखं बोलला असावा आणि याला ते सहन करायचं असावं तशी. हे साच्यातून निघालेलं आहे, म्हणजे याचे भाऊ आणखी कुठं असतील. पण मूळ जो घडवला असेल, ज्यावरून साचा घेतला, तो ज्याच्या हातचा त्यानं हा माणूस समोर बसवून पाहिलेला होता यात मला तरी शंका नाही.

डोक्यावरच्या त्या कमानी नळीला स्पॅनिशमध्ये 'रिकिबीची मूठ' म्हणतात, घोड्याच्या रिकिबीसारखी दिसते म्हणून. गंमत अशी की घोडा पाहायच्या आधी दोन अडीच हजार वर्षं इथं ती घडत होती. काठीभोवती माती गुंडाळून नळी करायची, वाकवायची, दोन्ही टोकं भांड्यात बसवायची आणि माथ्यावर एकच तोंड. ओतताना एका बाजूनं पाणी येतं, दुसरीनं हवा आत जाते. तोंड लहान असल्यानं वाळवंटातल्या हवेत पाणी उडत नाही आणि कमानीत बोटं घालून भांडं उचलताही येतं. लार्को यांनी या नळीच्या ओठाचा आकार कसकसा बदलत गेला ते पाहून मोचे काळाचे पाच टप्पे लावले. नंतरच्या लोकांनी त्यात बरीच दुरुस्ती केली, पण मडक्याच्या ओठावरून काळ ओळखायचा ही नजर कुंभाराची आहे. आमच्याकडं अण्णा कुठलंही मडकं काठावर बोट फिरवून कुठल्या गावचं ते सांगायचे.

आणखी एक लिहून ठेवते. दुधाळ रंगाच्या लेपावर तांबूस तपकिरी बारीक रेघांनी चितारलेल्या बाटल्या आहेत. त्यांवर माणसं ओळीनं धावत असतात, हातात पिशवी, आणि आजूबाजूला डाग असलेले पावट्यासारखे दाणे. लार्को यांचं म्हणणं होतं की त्या दाण्यांवरच्या खुणा हीच मोचे लोकांची लिपी. ते फारसं कुणी मान्य केलं नाही. पण या माणसानं आयुष्यभर ही भांडी वाचायचा प्रयत्न केला, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

संध्याकाळी मिराफ्लोरेसमधली वाका पुक्याना पाहिली, पुस्तकं उभी लावावीत तशा उभ्या कच्च्या विटांचा पिरॅमिड. अंधार पडत होता, घाईत झालं.

तिसरा दिवस, लिमा ते नास्का

बसनं सुमारे साडेचारशे किलोमीटर, सात तास. डाव्या हाताला वाळूचे डोंगर, उजवीकडं मधूनमधून समुद्र. जिथं नदी उतरते तिथं हिरवा पट्टा, कापूस, द्राक्षं, मका, आणि पुन्हा वाळू. नास्काच्या अलीकडं रस्त्यालगतच्या मनोऱ्यावरून वाळवंटात प्राचीन काळी रेघांनी काढलेल्या आकृत्यांपैकी दोन पाहिल्या, झाड आणि हात. विमानातून सगळ्या दिसतात, पण माझं काम मडक्यांशी होतं.

चौथा दिवस, नास्का

उत्तरेचा मोचे कुंभार घडवणारा, तर दक्षिणेचा नास्का कुंभार रंगवणारा. एवढा फरक आहे की एका दिवसाच्या अंतरावर आपण दुसऱ्याच देशात आलो असं वाटतं.

नास्काच्या आधी याच भागात पाराकास लोक होते. ते भांडं भाजून घेत, मग झाडाच्या राळेत रंग कालवून वर लावत. तो रंग सुंदर, पण घासला की निघणारा. नास्का कुंभारांनी, साधारण इसवी सनाच्या सुरुवातीपासून, रंगीत मातीचा पातळ लेप कच्च्या भांड्यावर लावला, घोटला आणि मग भाजला. रंग मातीचाच झाला. एकेका भांड्यावर पांढरा, काळा, लाल, जांभळट, राखाडी, पिवळा, नारिंगी असे दहाबारा रंग भेटतात, आणि दीड हजार वर्षांनंतरही ते काल धुऊन ठेवल्यासारखे आहेत.

सकाळी आंतोनिनी संग्रहालय. लहानसं आहे, मागच्या अंगणातून नास्का काळाचा पाण्याचा पाट जातो. इथं जवळच्या कावाची या जुन्या यात्रास्थळाच्या उत्खननातल्या वस्तू आहेत. दोन तोंडं आणि मधे पुलासारखी मूठ असलेल्या बाटल्या, त्यांवर हमिंगबर्ड, मिरच्या, शेंगा, दात विचकलेला मोठा मासा आणि हातात तोडलेलं मुंडकं धरलेली मुखवट्याची देवता. वाळवंटात रेघांनी काढलेला मासा आणि हमिंगबर्ड तेच, फक्त इथं वीतभर.

आणि मातीच्या बासऱ्या. आंतारा म्हणतात. लहानमोठ्या नळ्या ओळीनं जोडलेल्या, वरून फुंकायच्या. कावाचीला त्या सापडल्या तेव्हा तुकड्यांत होत्या. पडून फुटलेल्या नव्हेत, मुद्दाम मोडून पुरलेल्या. तुकडे जुळवून त्या पुन्हा उभ्या केल्या आहेत.

तिथल्या वाटाड्यानं मग पाचेकोची हकीकत सांगितली. नास्काजवळच हे ठिकाण आहे. १९२७ साली पेरूचे पुरातत्त्वज्ञ हुलिओ तेयो यांनी तिथं खणलं तेव्हा नास्कांनंतरच्या वारी नावाच्या लोकांच्या काळातल्या प्रचंड रांजणांची सुमारे तीन टन खापरं निघाली. माणूस आत बसेल एवढे रांजण, त्यांवर देवता, मक्याची ताटं, रंग ताजे. तेही असेच एके ठिकाणी आणून, फोडून, पुरून टाकलेले.

भाचीला याचं फार वाईट वाटलं. "एवढं घडवायचं आणि फोडायचं कशाला, आत्या?"

मला ते विचित्र वाटलं नाही. आमच्याकडं कुणी गेलं की रात्रीअपरात्री दार वाजायचं. अण्णा उठून एक मडकं काढून द्यायचे. त्या मडक्याचे पैसे ते घेत नसत. स्मशानात मुलगा ते पाण्यानं भरून खांद्यावर घेतो, चितेभोवती फेऱ्या मारतो, दर फेरीला भोक पाडतात, धार सांडत जाते, आणि शेवटी मागं न बघता तो ते सोडून देतो. अण्णा गेले तेव्हा त्यांनीच घडवलेलं मडकं दादानं खांद्यावर घेतलं होतं. फुटण्यासाठीच घडवलेलं भांडं असतं, आणि ते घडवताना हात काही कमी फिरत नाही.

दुपारी गावातल्या एका कुंभाराकडं गेलो. साठीचा माणूस, जुन्या पद्धतीनं नास्काची भांडी करतो. मातीच्या वळ्या एकावर एक चढवून त्यानं वाडगा उभा केला, खाली एक बशी, तीच हातानं थोडी थोडी फिरवत. ब्रश त्याच्या नातीच्या केसांचा. रंग म्हणजे डोंगरातून आणलेले दगड आणि माती, वाटून. लाल दगड हातात घेतला तर आमचा गेरूच.

घोटायची वेळ आली तेव्हा त्यानं नदीतला एक गुळगुळीत गोटा घेतला. तो आधी स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर, मग कपाळावर घासला, आणि भांड्यावर फिरवायला लागला. पुन्हा कपाळ, पुन्हा भांडं. चेहऱ्याच्या तेलकटपणानं गोटा सरसर चालतो आणि चकाकी येते. त्यानं गोटा माझ्या हातात दिला. मी माझ्या कपाळावर घासून वाडग्याच्या काठाखाली दोन बोटं रुंद पट्टा घोटला. हाताखाली मातीचा खरखरीतपणा जाऊन ती एकदम बंद होते, गप्प होते, तो क्षण मला ओळखीचा होता. त्यानं पट्टा उजेडात धरून पाहिला आणि भाचीला काहीतरी म्हणाला. "विचारतायत, यांचे वडील काय करायचे?"

पाचवा दिवस

परतीची बस, लिमा, रात्री विमानानं उत्तर किनाऱ्यावरचं त्रुहियो. दिवसभर खाणं असं झालं नाही.

सहावा दिवस, मोचे

शहराबाहेर काही किलोमीटरवर सेरो ब्लांको नावाचा उघडाबोडका डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी वाका दे ला लुना, चंद्राचं देऊळ म्हणू, आणि समोर अर्ध्या किलोमीटरवर वाका देल सोल, सूर्याचं. दोन्ही नावं नंतरची. सूर्याच्या देवळाला १३-१४ कोटी कच्च्या विटा लागल्या असाव्यात असा अंदाज आहे. त्यातलं बरंचसं आता नाही. स्पॅनिश काळात सोन्यासाठी मोचे नदीचा प्रवाहच वळवून त्यावर सोडला होता आणि पाण्यानं ते खाऊन टाकलं.

उरलेल्या भिंतीत विटा दिसतात, आणि विटांवर खुणा. पावलाचा ठसा, टिंबं, आडव्या रेघा, गोल. अशा शंभराहून जास्त वेगवेगळ्या खुणा नोंदल्या आहेत. ज्या त्या वस्तीनं आपल्या वाट्याच्या विटा पाडून आणल्या आणि मोजायला सोपं जावं म्हणून ओल्या विटेवर आपली खूण ठेवली, असं त्याचं उत्तर दिलं जातं. मला पटलं. लिपी नव्हती हे खरं, पण बोट तर होतं.

चंद्राच्या देवळात १९९१पासून सांतियागो उसेदा आणि रिकार्दो मोरालेस यांनी खोदकाम चालवलं. एक देऊळ पुरून त्यावर दुसरं, असं पिढ्यान् पिढ्या बांधत गेल्यानं आतल्या भिंतींचे रंग झाकून राहिले. आज समोर येतो तो डोंगरदेव, मोठे गोल डोळे, दात, भोवती लाटांची वेटोळी, लाल, पिवळा, काळा, पांढरा. लार्कोत हाच चेहरा मी बाटलीवर पाहिला होता.

वरच्या एका चौकाशी वाटाडी मुलगी थांबली. १९९५ साली पुरातत्त्वज्ञ स्टीव बुर्जे यांना इथं बळी दिलेल्या पुरुषांचे सांगाडे मिळाले, सत्तरच्या वर. पाऊस जवळपास पडतच नाही अशा या किनाऱ्यावर कधीकधी एल निन्योच्या वर्षी आभाळ फाटतं. त्यातले काही सांगाडे तशा चिखलात रुतलेले होते. आणि त्यांच्याबरोबर मातीचे पुतळे. मांडी घालून बसलेले नागडे पुरुष, गळ्यात दोर. ते भाजलेले नव्हते, कच्च्या मातीचे होते, आणि तेही फोडलेले. ती सांगत होती तेव्हा वारा इतका होता की ओरडून बोलावं लागत होतं. मी चौकात खाली पाहिलं, तिथं आता फक्त वाळलेली माती आहे.

दोन देवळांच्या मधल्या सपाटीवर गाव होतं. घरं, गल्ल्या, आणि एक कुंभारवाडा. तिथं साचे, कच्ची माती, बिघडलेला माल सापडला. लार्कोतल्या बहुतेक भांड्यांना पत्ता नाही. ती थडग्यांतून काढली गेली, विकली गेली, हातोहात फिरली. पवित्र जागेला इथं वाका म्हणतात, त्यातून निघालेल्या भांड्याला वाको आणि रात्री जाऊन ते उकरणाऱ्याला वाकेरो. एक शब्द देवळापासून चोरापर्यंत गेला. म्हणून या कुंभारवाड्यातलं एक मोडकं, भट्टीत वाकडं झालेलं तोंड मला तिथल्या संग्रहालयातल्या सगळ्यात मोलाचं वाटलं. ते कुठून आलं हे ठाऊक आहे, आणि ते कुणाच्या हातून बिघडलं त्याची बसायची जागाही सापडली आहे.

सातवा दिवस, चान चान

मोचेंनंतर इथं चिमू लोक आले. त्यांची राजधानी चान चान, कच्च्या मातीचं हे प्रचंड शहर १९८६ साली जागतिक वारशाच्या यादीत आलं आणि त्याच वर्षी धोक्यात असलेल्या वारशाच्या यादीतही. पावसानं विरघळतं म्हणून. १४७०च्या सुमारास इंकांनी ते जिंकलं.

चिमू मडकी काळी. भट्टी शेवटी कोंडून धूर आत अडवला की माती काळी पडते. आमच्याकडंही काळी मडकी अशीच निघतात. तीच रिकिबीची नळी, तिच्या बुडाशी चिकटलेलं एवढंसं माकड. ही भांडी साच्यातून भराभर काढलेली आहेत आणि ते कळतं. मोचे चेहऱ्यांनंतर माझं मन त्यांत रमलं नाही.

जेवताना मात्र एक चांगलं झालं. खानावळीत चिचा दे होरा मागवली. मक्याला मोड आणून, वाळवून, दळून, उकळून आंबवतात. पिवळसर, आंबूस, जड. इंकांचा तो टोकदार बुडाचा मोठा घडा, कानांत दोर ओवून पाठीवर घ्यायचा, तो हिच्यासाठी. केरो नावाचे पेले जोडीनं करायचे तेही हिच्यासाठी, कारण समोरच्याला एक दिल्याशिवाय आपण प्यायचं नाही. घोट घेतल्यावर कपाटातली ती सगळी रिकामी तोंडं डोळ्यांपुढं आली.

आठवा दिवस, लाम्बायेके

सकाळी बसनं चिक्लायो, सुमारे दोनशे किलोमीटर, आणि तिथून लाम्बायेके. सिपानच्या मोचे राजथडग्यांचं संग्रहालय २००२ साली उघडलं, लाल पिरॅमिडसारखं. कॅमेरा, पिशवी सगळं बाहेर. चढून वर जायचं आणि खोदणारे जसे उतरत गेले तसं एकेक मजला खाली उतरायचं.

१९८७च्या फेब्रुवारीत सिपान गावाजवळच्या ढिगात वाकेरो शिरले आणि सोनं बाहेर यायला लागलं. पुरातत्त्वज्ञ वाल्तेर आल्वा यांना कळवण्यात आलं. त्यांनी तिथंच मुक्काम ठोकला, लुटारूंच्या धमक्यांत काम केलं, आणि न लुटलेलं थडगं गाठलं. त्या थडग्यातल्या माणसाला आता सिपानचा स्वामी म्हणतात. सोन्याचांदीच्या भुईमुगाच्या शेंगांचा हार, डोळ्यांवर सोनं, सगळे ते पाहायला येतात. मी पाहिला, थक्क झाले.

पण मला सांगायचं आहे ते मडक्यांचं. १९७०च्या दशकात डॉनन यांनी मोचे बाटल्यांवरच्या रेघांच्या चित्रांत एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो हे दाखवलं होतं. बांधलेल्या कैद्यांचे गळे चिरले जातात, रक्त पेल्यात धरतात, आणि तो पेला किरण फुटल्यासारख्या वेषातल्या एका मुख्य पुरुषाला देतात. शेजारी पक्ष्याच्या रूपातला एक, आणि एक स्त्री. ही पुराणकथा असावी असंच वाटे. मग सिपानचं थडगं उघडलं, आणि त्या मुख्य पुरुषाचा सगळा साज तिथं होता. दुसऱ्या थडग्यात पक्षी-पुजारी. १९९१ साली सान होसे दे मोरो इथं डॉनन आणि लुइस हाइमे कास्तियो यांना पुजारिणीचं थडगं मिळालं, तिच्या शिरपेचासह आणि उंच पेल्यासह. मडक्यावर चितारलेली माणसं खरी होती.

खालच्या मजल्यावर थडग्याबरोबर ठेवलेली भांडी आहेत. हजाराहून अधिक सापडली. साच्यातली, ओबडधोबड, बसलेले कैदी, बसलेले योद्धे, ओळीनं. कलाकुसर काही नाही. कुणीतरी मेला आणि शंभर हातांनी रात्रंदिवस माती दाबली, हे त्यांच्याकडं पाहून कळतं. काहींच्या तोंडावर साच्यातून काढतानाचा अंगठा तसाच राहिलाय, पुसायला वेळ नव्हता.

नववा दिवस, चुलुकानास

हे ठिकाण आमच्या यादीत नव्हतं. नास्काच्या कुंभारानं भाचीला सांगितलं होतं, "यांना चुलुकानासला घेऊन जा." पिउरापर्यंत तीन तास, पुढं तासभर. हवा बदलते, दमट उष्मा, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना आंबा. नऊ दिवसांत पहिल्यांदा मला घरच्यासारखा घाम आला.

या भागात पूर्वी विकूस लोक होते. १९६०च्या दशकात त्यांची थडगी मोठ्या प्रमाणावर लुटली गेली. त्यांची भांडी बाजारात आली, आणि इथल्या कुंभारांनी त्यांवरची काळ्या धुरातली नक्षी कशी साधली असेल ते करून करून शोधून काढलं. आता २००६पासून चुलुकानासच्या नावाला सरकारी संरक्षण आहे. भांडं एकदा भाजतात. जिथं नक्षी हवी तिथं चिखलाचा लेप लावून झाकतात. मग आंब्याची वाळकी पानं जाळून त्या धुरात पुन्हा ठेवतात. उघडं राहिलेलं काळं होतं, लेप खरवडला की खालून मूळ रंग निघतो. आंब्याच्याच पानांचा धूर का, विचारलं. पानात चीक असतो, रंग धरतो, असं उत्तर मिळालं.

गावाबाहेर ला एन्कांतादा नावाची वस्ती आहे. रिक्षातून उतरले आणि थबकले. कुठल्यातरी अंगणातून ठप्, ठप्, ठप् असा आवाज येत होता. मला न सांगता कळलं. ती थापी होती.

अंगणात एक बाई बसली होती, माझ्याच वयाची. डाव्या हातात आतून धरलेला गोल दगड, उजव्या हातात लाकडी थापी, मधे मातीची भिंत पातळ होत चाललेली. आमच्याकडं चाकावर उतरवलेलं मडकं असंच थापून मोठं करतात, आत गोटा, बाहेर थापी. इथं चाक नाहीच, सुरुवातीपासून थापीच. आमच्या घरी बायका माती मळायच्या, राख चाळायच्या, आवा लावायच्या, रंग द्यायच्या, पण चाकाला बसत नसत. थापी मात्र आईच्या हातात असायची.

तिनं भाचीशी बोलणं अर्धं सोडून माझ्याकडं पाहिलं आणि थापी पुढं केली. मी मांडी घातली. दगड आत धरला. पहिले चार फटके चुकले, दगड आणि थापी समोरासमोर आली नाहीत. मग आली. आवाज बदलला तसं तिनं मान हलवली. किती वेळ बसले माहीत नाही. भाची म्हणते पाऊण तास.

निघताना मी भाचीला शिट्टीच्या बाटलीचं विचारायला सांगितलं. बाई आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेलं एक जोडभांडं घेऊन आली, तिच्या भावानं विकूसच्या नमुन्यावरून केलेलं. दोन गडू, एकावर चोच वर केलेला पक्षी. अंगणातल्या पिंपातून तिनं त्यात तांब्याभर पाणी ओतलं, तोटीवर तळवा ठेवून झटकलं, आणि दोन्ही हातांनी हळू वाकवलं.

तोंडानं मारतात तसली ती शिट्टी नव्हती. दूरच्या झाडात होला घुमावा तसा खोल, थोडा थरथरणारा आवाज निघाला. वाकवणं थांबलं तसा तो पाण्याच्या डुचमळीबरोबर दोनदा तुटला. तिनं उलट बाजूला कलवलं, पाणी परत फिरलं, भांड्यानं गुळगुळ करत श्वास घेतला, आणि पुन्हा पहिल्या बाजूला. पुन्हा होला.

मग तिनं ते माझ्या हातात दिलं. ते गार होतं, बाहेरून पाझरून थोडं ओलं, आणि आत पाणी कुठं आहे ते तळव्यांना कळत होतं. मी वाकवलं.